अस्तरातली सुई

१

हातातला मेटल डिटेक्टर किणकिणला आणि टेबलाभोवतीचे सगळे गप्प झाले.

हरेश ठक्करांनी तो जॅकेटवरून पुन्हा एकदा फिरवला. डाव्या बाहीखाली, काखेजवळ, तो पुन्हा वाजला. त्यांनी कात्रीच्या टोकाने अस्तराची शिवण उसवली, आत दोन बोटं घातली आणि चिमटीत धरून काहीतरी बाहेर काढलं. शिलाई मशीनच्या सुईचं मोडलेलं टोक होतं ते, तांदळाच्या कणीएवढं.

"सहा महिन्यांच्या बाळाचं जॅकेट आहे हे, फ्रेडरिकभाई," हरेशभाई हळू आवाजात म्हणाले. "बाळाचं."

फ्रेडरिक डाबरेंनी ते टोक तळहातावर घेतलं. सातिवलीतला हा कपडे शिवायचा गाळा त्यांनी आणि धाकट्या भावाने, आग्नेलने, मिळून उभा केला होता. गेल्या वर्षी अमेरिकेने आपल्या कपड्यांवरची जकात वाढवली आणि त्यांच्या निम्म्या मशिनांवर चादरी पडल्या. मग डेन्मार्कच्या एका कंपनीने, लहान मुलांच्या कपड्यांची दुकानं चालवणाऱ्या, परीक्षेसारखी एक ऑर्डर दिली. तीच ऑर्डर आणखी दोन देशांतल्या दोन कारखान्यांनाही दिली होती. ज्याचा माल सगळ्यात चांगला, त्याला पुढच्या वर्षभराचं काम. हरेशभाई त्या कंपनीचे इथले एजंट. माल पास की नापास, हे तेच कळवणार.

आणि तोवर सगळं नीट चाललं होतं. रचून ठेवलेल्या खोक्यांतलं मधलंच एक हरेशभाईंनी बोट दाखवून उतरवायला लावलं होतं. ऑर्डरींची कामं बघणाऱ्या मर्चंडायझर कौस्तुभने चिकटपट्टी कापली होती. हरेशभाईंनी बॅगेतून कंपनीने मंजूर केलेलं आपल्याकडचं सॅम्पल जॅकेट काढून टेबलावर पसरलं, खोक्यातलं एक जॅकेट त्याच्याशेजारी ठेवलं, बाहीवर बाही आणि गळ्यावर गळा जुळवून पाहिला. माप बरोबर, टाके बरोबर, छपाईतला हत्तीसुद्धा जागच्या जागी. फ्रेडरिक सरांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं.

"पॅकिंगच्या आधी प्रत्येक नग मशीनमधून जातो ना?" हरेशभाईंनी विचारलं. "सुई पकडायच्या? ते मशीन कोण बघतं?"

सगळ्यांच्या नजरा टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे वळल्या. तिथे फिनिशिंग आणि पॅकिंगची सुपरवायझर विनिता घाग उभी होती.

"मी बघते," ती म्हणाली. "आणि ही सुई माझ्या मशीनमधून गेलेली नाही."

२

हरेशभाई गाडीत बसायच्या आधीच फोनवर डेन्मार्कच्या कंपनीतल्या इंगर मॅडमशी बोलायला लागले होते. सुई निघालेलं जॅकेट आपल्याबरोबर न्यायचं त्यांच्या मनात होतं, पण आग्नेलने ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून सरळ कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली. आग्नेलशी वाद घालणं कुणालाच जमत नसे. हरेशभाईंनी जॅकेटचे फोटो काढले, आपलं सॅम्पल बॅगेत टाकलं आणि ते निघून गेले. मॅडम सोमवारी निर्णय देणार होत्या.

केबिनचं दार लागलं. आत दोघं भाऊ त्यांच्या घरच्या बोलीत भांडत होते. विनिता मूळची संगमेश्वरची. डाबरेंच्या निर्मळ गावची ती बोली तिला अर्धीमुर्धीच कळायची, पण हा विषय सगळ्या कारखान्याला पाठ होता. आग्नेलचं म्हणणं, गाळा एखाद्या ऑनलाइन दुकानाला गोडाऊन म्हणून भाड्याने देऊ आणि सुखाने जगू. सगळ्या जगाशी शर्यत लावायची, तीही सातिवलीतून, हे वेड आहे.

थोड्या वेळाने तिला आत बोलावलं.

"विनिता," फ्रेडरिक सर तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही काही दिवस घरी थांबा. मॅडमना काहीतरी उत्तर द्यायला हवं. मशीन बघणाऱ्या माणसाला बाजूला केलं, एवढं तरी सांगता येईल."

या गाळ्यात पहिली पाच मशिनं आली, तेव्हापासून विनिता इथे होती. पण आवाज तिने चढू दिला नाही.

"थांबते घरी. पण आधी मशीन तपासून घ्या, माझ्यासमोर. आणि तपासणारं माणूस तुमचं नको, माझंही नको."

फ्रेडरिक सरांनी आता मान वर केली.

"होळी गावात कार्मिन लोपीस राहतात," ते म्हणाले. "माझ्या बायकोच्या ओळखीच्या. पण त्या ओळखीपाळखी बघत नाहीत. तुमची चूक निघाली तर तोंडावर सांगतील."

"चालेल," विनिता म्हणाली. "माझी चूक निघणार नाही."

३

कार्मिन लोपीस स्कूटरवरून आल्या. डिकीत एक चपटी पेटी आणि सुकेळ्यांची, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांची, पुडी. अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत त्यांनी उभी हयात कापडं तपासण्यात घालवली होती. कुठलं रंग सोडतं, कुठलं आटतं, कशात काय मिसळलंय. आता त्या घरच्या वाडीत सोनचाफा लावायच्या आणि कुणी बोलावलं तर हे असलं काम करायच्या. केस आखूड कापलेले, आवाज खणखणीत.

"घे," त्यांनी पहिल्या भेटीतच विनिताच्या हातावर सुकेळं ठेवलं. "उपाशी माणूस एक तर खोटं बोलतो नाहीतर चिडतो. चल, तुझं मशीन दाखव."

त्यांनी पेटीतून सुईचे बारीक तुकडे लावलेल्या चकत्या काढल्या. एकेक चकती जॅकेटात लपवून पट्ट्यावर ठेवली. कधी मधोमध, कधी अगदी कडेला. प्रत्येक वेळी मशीन ओरडलं आणि पट्टा थांबला. मग फ्रेडरिक सरांकडे राहिलेलं सुईचं ते टोक घेऊन त्यांनी अस्तरात सरकवलं. मशीन पुन्हा ओरडलं.

"मशीन ठणठणीत आहे," कार्मिन मॅडम म्हणाल्या. "आता सगळी खोकी फोडा."

"सगळी?" आग्नेल म्हणाला.

"सगळी. प्रत्येक जॅकेट पुन्हा मशीनमधून काढा. मी इथेच बसते."

फिनिशिंगच्या बायकांनी पदर खोचले. पट्टा फिरत राहिला, जॅकेटं एका बाजूने जात राहिली, दुसऱ्या बाजूने येत राहिली. कार्मिन मॅडम स्टुलावर बसून एकही न चुकवता बघत होत्या. विनिता मशीनच्या बटणाजवळ उभी होती. इतक्या जॅकेटांतल्या एकात जरी आणखी सुई निघाली, तर तिचं बोलणं संपलं.

मशीन एकदाही वाजलं नाही.

"ठीक," कार्मिन मॅडम उठल्या. "म्हणजे एवढ्या मोठ्या मालात सुई एकाच जॅकेटात होती. आणि तुझ्या मशीनने ती सोडलेली नाही. मशीनमधून माल गेल्यावर कुणीतरी ती आत घातली. पॅकिंगच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते?"

"एक माझ्याकडे," विनिता म्हणाली. "आणि दुसरी आग्नेल सरांकडे."

४

आग्नेल प्रश्न ऐकूनच भडकला.

"हो, मला हा धंदा बंद करायचाय. सगळ्यांसमोर सांगतो. मग?"

"सुकेळं घ्या," कार्मिन मॅडम म्हणाल्या.

"नको मला. मॅडम, या कंपनीत आम्ही दोघं सारखे भागीदार आहोत. मला ही ऑर्डर नको असती, तर सही केली नसती. खेळ खलास. आपल्याच नावाला काळं फासायला मी चोरून सुया कशाला घालू? बाहेर पाटीवर डाबरे लिहिलंय. आमच्या आईबापाचं नाव आहे ते."

कार्मिन मॅडमनी मान डोलावली. विनितालाही ते पटलं. पण मग उरली कोण? ती स्वतःच.

"ते जॅकेट आणा आता," मॅडम म्हणाल्या. "आणि खोक्यांतल्या लॉटमधलं दुसरं एक."

आग्नेलने कपाट उघडलं. कार्मिन मॅडमनी दोन्ही जॅकेटं टेबलावर उलटी करून अस्तरं वर केली. मोतिया रंगाचं मऊ सुती कापड. शेजारी शेजारी ठेवूनही विनिताला तिळाएवढा फरक दिसेना. शिवणी त्याच, टाके तेच. मॅडमनी भिंग लावून पाहिलं, कापड बोटांत चोळलं, नाकाजवळ नेलं. मग त्या म्हणाल्या, "शटर खाली ओढा. दिवे बंद करा."

खोलीत अंधार झाला. दुकानात नोटा तपासायला असतो तसला जांभळा दिवा कार्मिन मॅडमनी पेटवला आणि लॉटमधल्या जॅकेटावर धरला. अस्तर अंधारातच राहिलं. मग त्यांनी तो सुई निघालेल्या जॅकेटावर धरला.

अस्तर निळंपांढरं लखलखलं. लग्नाच्या हॉलमध्ये डीजेच्या दिव्यांखाली पांढरे शर्ट उठून दिसतात, तसं.

"अगं बाई!" विनिताच्या तोंडून निघून गेलं.

"घरी पांढऱ्या कपड्यांना आपण नीळ देतो ना," कार्मिन मॅडम अंधारातून म्हणाल्या, "तसं गिरणीत एक द्रव्य देतात. कापड जास्त उजळ दिसावं म्हणून. साध्या उजेडात कळत नाही, या दिव्याखाली लपत नाही. फ्रेडरिक, एकाच लॉटमध्ये दोन अस्तरं कशी?"

फ्रेडरिक सर शटर वर करायचंही विसरून उभे होते.

"लॉटमध्ये एकच अस्तर आहे, कार्मिन," ते म्हणाले. "न चमकणारं. मी मुद्दाम घेतलं. दुसऱ्या दोन कारखान्यांशी आपण आकाराने बरोबरी करू शकत नाही. ते एका दिवसात जेवढं शिवतात, तेवढं मी महिन्यात शिवत नाही. मग मी वेगळं काय देणार? म्हटलं, बाळाच्या अंगाला लागणारं कापड, त्यात ते रसायन नकोच. भिवंडी पालथी घालून हे कापड शोधलं. माल पास झाला की इंगर मॅडमना सांगणार होतो."

"कुणाला माहीत होतं?"

"मला आणि आग्नेलला. बाकी कुणालाच नाही. या धंद्यात बातमी आपल्या आधी विमानात बसते."

"मग चमकणारं अस्तर कुठे वापरलं होतं?"

"अगदी सुरुवातीला सॅम्पल केली, तेव्हा. कापड तेव्हा मिळालं नव्हतं, म्हणून बाजारातलं नेहमीचं लावलं. फक्त तीन जॅकेटं. एक इंगर मॅडमना पाठवलं, एक हरेशभाईंना, आणि एक आमच्याकडे. कौस्तुभच्या कपाटात."

आग्नेलने शटर वर ढकललं. उजेडात कार्मिन मॅडमचे डोळे चमकत होते.

"म्हणजे सुई सापडली ते जॅकेट तुमच्या लॉटमधलं नाहीच," त्या म्हणाल्या. "ते त्या तिघांतलं एक आहे. बघू या, कुठलं जागेवर नाही."

इंगर मॅडमना फोन लावला. त्यांचं जॅकेट त्यांच्या टेबलावरच होतं. कॅमेऱ्यासमोर धरून त्यांनी ते दाखवलंसुद्धा.

मग सगळे कौस्तुभच्या कपाटाशी गेले. आत ओळीने सॅम्पल टांगलेली होती. एक हँगर मोकळा होता. आणि कौस्तुभ जागेवर नव्हता.

५

त्याचा फोन लागत नव्हता. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, बहिणीकडे विरारला जातो म्हणून निघाला. घाईत होता. आणि हो, हल्ली त्याला बाहेरच्या देशातून फोन यायचे, तो ते गॅलरीत जाऊन घ्यायचा.

आग्नेल म्हणाला, "सापडला चोर."

विनिताला ते ऐकवेना. कौस्तुभ पाटणकर तिला ताई म्हणायचा. डबा विसरला की तिच्या डब्यातली पोळी न विचारता उचलायचा. पण खोकं त्यानेच उघडलं होतं. चिकटपट्टी त्यानेच कापली होती. तिचं मन नाही म्हणत होतं आणि डोकं हो.

"त्याच्या बहिणीचं घर मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी येते."

कार्मिन मॅडमची स्कूटर हायवेला लागली. मागे बसलेली विनिता वाटभर एकच गोष्ट घोकत होती, की त्याला काय विचारायचं. विरारच्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते त्याच्या बहिणीने, ऋतिकाने. घरात पताका लावलेल्या, खुर्च्या मांडलेल्या. पाळण्याला झेंडूच्या माळा.

"या ना, ताई! दादाने तुम्हालाही बोलावलं का? बारसं आहे आज."

आणि पाळण्याच्या दांडीवर, सगळ्यांना दिसेल असं, हत्तींची छपाई असलेलं जॅकेट टांगलं होतं.

कौस्तुभ आतून पेढ्यांचं ताट घेऊन आला आणि त्यांना बघून जागीच थांबला. त्याचा चेहरा उतरला.

"मामाने आणलंय," ऋतिका कौतुकाने सांगत होती. "परदेशात जाणारा माल आहे, म्हणतो."

कौस्तुभने दोघींना गॅलरीत नेलं.

"ताई, मी परत ठेवणार होतो. म्हणजे... नाही, परत नव्हतो ठेवणार. सॅम्पलचं काम संपलं होतं. भाचीला काहीतरी मीच बनवून घेतलेलं द्यावंसं वाटलं. विचारायला हवं होतं, चुकलो. फोन बंद ठेवला कारण आज तरी सुईचं नाव ऐकायचं नव्हतं."

"आणि बाहेरच्या देशातले फोन?" विनिताने विचारलं.

"नोकरीची ऑफर आहे. नाही म्हणालोय." त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं. "ताई, तुला खरंच वाटलं मी तुझ्यावर आळ येऊ देईन?"

विनिताने मान खाली घातली. कार्मिन मॅडमनी पाळण्यावरचं जॅकेट मागवून घेतलं, ऋतिकाच्या ओढणीखाली अंधार करून धरलं आणि दिवा लावला. अस्तर लखलखलं. हे खरं सॅम्पल होतं आणि त्याची एकही शिवण उसवलेली नव्हती.

"कौस्तुभ," मॅडम म्हणाल्या, "टेबलावर तू हरेशच्या अगदी शेजारी होतास. सुई निघायच्या आधी काय काय झालं? काहीही सांग, फालतू वाटलं तरी."

तो आठवत राहिला. "विशेष काही नाही. हरेशभाईंनी मापं घेतली, आमचं जॅकेट आणि त्यांचं सॅम्पल एकमेकांवर ठेवून बघितलं. त्यांच्या सॅम्पलचा टॅग निसटला होता. मंजुरीचा पुठ्ठा असतो ना, सुतळीने बांधलेला, तो. मी उचलायला गेलो तर म्हणाले, राहू दे, आणि त्यांनी स्वतःच परत बांधला. मग डिटेक्टर हातात घेतला."

कार्मिन मॅडम हसल्या. त्या हसण्यात एखादी अवघड गाठ सुटल्याचा आनंद होता.

"पण मॅडम," विनिता म्हणाली, "हरेशभाईंचं सॅम्पल त्यांच्याकडेच आहे. जाताना बॅगेत टाकलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"काय पाहिलंस तू?"

"जॅकेट."

"कुठलं?" कार्मिन मॅडम म्हणाल्या.

६

हरेश ठक्करांचं ऑफिस माणिकपूरला. काचेचं दार, एसी, भिंतीवर लहान मुलांचे कपडे ओळीने. फ्रेडरिक सर आणि आग्नेल परस्पर तिथे पोचले होते. हरेशभाईंनी सगळ्यांना पाणी दिलं, चहा सांगितला.

"मला वाईट वाटतं, फ्रेडरिकभाई. पण सुई ती सुई. मी लपवू शकत नाही."

"नाहीच लपवता येत," कार्मिन मॅडम म्हणाल्या. "तुमचं मंजूर सॅम्पल बघायला मिळेल?"

"का नाही?" त्यांनी मागच्या दांडीवरून जॅकेट काढून दिलं. गळ्याला सुतळीने मंजुरीचा टॅग बांधलेला होता, त्यावर इंगर मॅडमची सही. "हे काय. जसंच्या तसं."

विनिताने पडदे ओढले. कार्मिन मॅडमनी दिवा पेटवला.

अस्तर अंधारात राहिलं.

"हरेश, हे तुमचं सॅम्पल नाही," मॅडम म्हणाल्या. "हे फ्रेडरिकच्या लॉटमधलं जॅकेट आहे. सॅम्पल तीन होती, तिन्हींची अस्तरं या दिव्याखाली चमकतात. एक डेन्मार्कला आहे. एक विरारला एका पाळण्यावर आहे, आत्ता बघून आलो. तिसरं तुमचं. ते आग्नेलच्या कपाटात आहे, काखेजवळ शिवण उसवलेलं."

हरेशभाईंनी पडदा सरकवला. चेहऱ्यावर काही नव्हतं.

"टेबलावर दोन्ही सारखी दिसत होती. अदलाबदल झाली असेल. माणूस आहे. मग सुई सॅम्पलमध्ये असेल, सॅम्पलही यांनीच शिवलंय."

"सॅम्पलसुद्धा मशीनमधून गेल्याशिवाय मी बाहेर सोडत नाही," विनिता म्हणाली. "एकही नाही."

"आणि चुकून अदलाबदल झाली असती," कार्मिन मॅडम पुढे म्हणाल्या, "तर टॅग तुमच्या सॅम्पललाच राहिला असता. डिटेक्टर वाजला त्या जॅकेटाच्या गळ्यात इंगर मॅडमची सही लोंबकळताना सगळ्यांना दिसली असती. टॅग आपण होऊन उडी मारत नाही. तो तुम्ही सोडलात आणि लॉटच्या जॅकेटाला बांधलात. कौस्तुभ उचलायला गेला, तर त्याला हातही लावू दिला नाहीत."

हरेशभाई दांडीवरचे कपडे सारखे करायला लागले.

"मला पहिल्यापासून एक गोष्ट खटकत होती. सगळ्या मालात सुईचं जॅकेट एकच. तुम्ही ढिगातून एक खोकं निवडलंत, त्यातून एक जॅकेट उचललंत, आणि नेमकं तेच. ज्याने सुई घातली, त्याला तुम्ही कुठलं खोकं निवडणार हे कसं कळणार? ते एकाच माणसाला कळू शकतं. निवडणाऱ्याला. आणि तुम्हाला तर निवडायचीही गरज नव्हती. सुई तुमच्याच बॅगेतून आली. सॅम्पलच्या अस्तरात घालून चारचौघांसमोर टेबलावर मांडलीत आणि कुणी बघितलं नाही, कारण सगळे खोक्याकडे बघत होते."

बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत होते. हरेशभाई हळूहळू खुर्चीत बसले. त्यांनी चष्मा काढला.

"का, हरेशभाई?" फ्रेडरिक सरांचा आवाज फुटला. "तुम्हीच तर मला त्यांच्याकडे नेलंत."

"नेलं," हरेशभाई म्हणाले. "आणि महिन्याभरात इंगर मॅडम तुमच्याशी थेट बोलायला लागल्या. मला कळायचं, ते तुमच्याकडून. माल पास झाला असता तर मधल्या माणसाचं काम काय उरलं असतं? दुसऱ्या एका कारखान्याचे लोक मला म्हणाले, काम आम्हाला मिळालं तर सगळा व्यवहार तुमच्या हातून होईल. लिहून द्यायला तयार होते. तुमच्या मालात खोट काढायला गेलो, तर सापडेना. सगळं मापात. म्हणून..." त्यांनी हात पसरले. "मला वाटलं, तुम्ही शर्यतीतून बाहेर पडाल, एवढंच. या बाईंवर येईल हे डोक्यात आलं नाही."

"आलं होतं," विनिता शांतपणे म्हणाली. "मशीन कोण बघतं, हे तुम्हीच पहिल्यांदा विचारलंत."

आग्नेलने टेबलावरचा हरेशभाईंचा फोन उचलून त्यांच्यासमोर धरला.

"इंगर मॅडमना लावा," तो म्हणाला. "आणि हेच, असंच, सांगा. आम्ही ऐकतोय."

७

सोमवारी इंगर मॅडमचा निर्णय आला. माल पास. हरेशभाईंशी संबंध संपला, आणि इथून पुढे कंपनी डाबरे बंधूंशी थेट व्यवहार करणार होती. वर्षभराच्या कामातलं निम्मं सातिवलीला, उरलेलं दुसऱ्या दोन कारखान्यांपैकी एकाला. ज्याने हरेशभाईंना आमिष दाखवलं होतं, तो बाद.

"निम्मंच?" कौस्तुभ हिरमुसला. भाचीचं जॅकेट फ्रेडरिक सरांनी तिच्याकडेच राहू दिलं होतं, पण आठवडाभर त्याला सगळ्यांच्या चहाच्या कपबशा उचलायची शिक्षा होती.

"पुढचं ऐक," फ्रेडरिक सर म्हणाले. "अस्तराच्या कापडाचा तपासणी अहवाल मी पाठवला, तो त्यांच्या प्रयोगशाळेने पाहिला. आता लहान मुलांच्या सगळ्या कपड्यांना असंच कापड हवं म्हणतात. त्या दुसऱ्या कारखान्यालाही तसं कळवलंय. म्हणजे आता ते आपल्याला गाठायला धावणार."

हे सांगून ते केबिनबाहेर आले आणि त्यांनी सगळी मशिनं थांबवायला लावली. घरघर बंद झाली. बायका-पुरुष माना वर करून बघायला लागले.

"सुई निघाली त्या दिवशी," ते मोठ्याने म्हणाले, "मी विनिता घाग यांना घरी बसायला सांगितलं. का, तर डेन्मार्कला काहीतरी उत्तर द्यायचं होतं. त्या म्हणाल्या होत्या, सुई माझ्या मशीनमधून गेलेली नाही. मी ऐकलं नाही. त्यांचं बरोबर होतं. माझं चुकलं. हे मी केबिनमध्ये सांगितलं असतं, पण घरी बसा म्हणालो ते सगळ्यांना कळलं होतं, म्हणून हेही सगळ्यांना कळू दे."

कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. विनिताचे डोळे भरून आले. तिने ते मनगटाने पुसले आणि म्हणाली, "सर, माल आज निघायचाय. मशिनं सुरू करू द्या."

दुपारी कंटेनर गेटमधून बाहेर पडून हायवेकडे वळला. कार्मिन मॅडम सोनचाफ्याची फुलं देऊन परत निघाल्या होत्या. त्यांना विनिता गेटपर्यंत सोडायला आली, तेव्हा आग्नेल स्टुलावर चढून गेटला एक पुठ्ठा बांधत होता. त्याने स्वतःच्या हाताने, मोठ्या तिरक्या अक्षरांत लिहिलं होतं: शिलाई कामगार पाहिजेत.

"बघता काय," तो विनिताला म्हणाला. "झाकलेली मशिनं उघडायची तर माणसं लागणार. बरोबर आहे ना?"

विनिताने पाटी वाचली.

"खाली फोन नंबर नाही," ती म्हणाली. "माझा टाका."